संकल्प सांधण्याचा

एक जानेवारीच्या सकाळी अनेक घरांतल्या फ्रिजवर एक कागद चिकटतो. पहाटे साडेपाचला उठणे, सहा ते आठ अभ्यास, रात्री नऊनंतर मोबाइल बंद, जेवताना टीव्ही नाही. तळाशी आई-बाबांसाठीही एक ओळ असते, 'ओरडायचे नाही.' घरात दहावीचा मुलगा असतो आणि बोर्डाची परीक्षा जेमतेम दोन महिन्यांवर आलेली असते.

पहिले तीन दिवस बरे जातात. मग पूर्वपरीक्षेतले गणिताचे गुण कळतात. बाबांचा आवाज चढतो, शेजारच्या मुलाचे नाव निघते, मुलाच्या हातातला मोबाइल हिसकावला जातो आणि खोलीचे दार धाडकन बंद होते. 'तुमच्यामुळेच तो असा हट्टी झालाय,' असे आई म्हणते आणि भांडण दोघांत सुरू होते. रात्री तिघे तीन वेगवेगळ्या वेळी जेवतात. आठवडाभरात तो कागद फ्रिजवरून निघतो. कोणी काढला, हे कोणी विचारत नाही.

अशा वेळी घरातला प्रत्येक जण एकच निष्कर्ष काढतो. आपल्याला हे जमणारे नाही, आता पुढच्या वर्षी बघू. पण त्या कागदात खरी उणीव निश्चयाची नव्हतीच. 'ओरडायचे नाही' असे लिहिले होते, मात्र ओरडून झाल्यावर काय करायचे, याबद्दल एक अक्षरही नव्हते. नात्यांबद्दलचे बहुतेक संकल्प इथेच फसतात. ते चूक टाळण्याचे असतात, चूक झाल्यावर परत येण्याचे नसतात. मूल आणि पालक, नवरा आणि बायको यांच्या नात्यांवर गेल्या पन्नास वर्षांत झालेले संशोधन मात्र या परत येण्यालाच फार मोठे महत्त्व देते.

नव्या वर्षाची नवी सुरुवात ही निव्वळ भाबडी कल्पना नाही, हे आधी मान्य करायला हवे. हेंगचेन दाई, कॅथरिन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आकडेवारीवरून दाखवून दिले की आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा किंवा शैक्षणिक सत्राचा आरंभ आला की माणसे व्यायामशाळेकडे जास्त वळतात आणि इंटरनेटवर आहाराविषयी जास्त शोध घेतात. कॅलेंडरवरची अशी खूण माणसाला मागच्या चुकांपासून थोडे वेगळे करते. 'तो आळशी मी गेल्या वर्षीचा, आजचा मी वेगळा,' असे स्वतःला सांगता येते. मराठी घराला तर अशा खुणांची कमतरताच नाही. एक जानेवारी हुकली तर संक्रांत आहे, ती हुकली तर गुढीपाडवा, मग जूनमधली शाळा आणि शेवटी दिवाळीचा पाडवा.

पण व्यायामाचा संकल्प आणि नात्याचा संकल्प यांत एक मोठा फरक आहे. सकाळी चालायला जायचे ठरवले तर ते एकट्याने ठरवता येते. गेल्या वर्षी तुम्ही आला नाहीत म्हणून रस्ता रुसून बसत नाही. नात्यात समोर दुसरे माणूस असते आणि त्याची आठवण तुमच्या संकल्पाने पुसली जात नाही. बाबांनी ३१ डिसेंबरच्या रात्री पाटी कोरी केली, तरी मुलाच्या पाटीवर ऑक्टोबरमधले 'तू कशाच्याच लायकीचा नाहीस' हे वाक्य तसेच असते. बाबांच्या दृष्टीने ते नवे बाबा असतात. मुलाच्या दृष्टीने ते कालचेच बाबा असतात, फक्त आज जरा गोड बोलत असतात आणि ते किती दिवस टिकणार, याचा त्याला अंदाज असतो. म्हणून नात्यात नुसते 'आजपासून नवे' म्हणून भागत नाही. जुने कुठे उसवले आहे ते पाहावे लागते आणि तिथे टाका घालावा लागतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा अगदी तान्ह्या बाळांकडून मिळाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळासमोर बसून नेहमीसारखी हसते, बोलते, खेळवते. मग ती थोडा वेळ चेहरा पूर्ण निर्विकार ठेवते. ती हसत नाही, बोलत नाही, बाळाच्या कशालाच प्रतिसाद देत नाही. काही महिन्यांच्या बाळालाही हा बदल लगेच कळतो. ते हसून बघते, हात पुढे करते, आवाज काढते, किंचाळते. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर ते तोंड फिरवते आणि अनेकदा रडू लागते. त्यानंतर आई पुन्हा पूर्वीसारखी होते आणि बाळ हळूहळू सावरते.

हा प्रयोग सांगताना बहुतेक वेळा पहिला भागच सांगितला जातो आणि तो ऐकून पालक धास्तावतात. ट्रॉनिक यांच्या कामातला दुसरा भाग मात्र दिलासा देणारा आहे. आई आणि बाळ यांचे रोजचे खेळणे त्यांनी बारकाईने तपासले. ज्या जोड्यांत काहीही बिघडलेले नव्हते, त्यांतही आई आणि बाळ यांचा सूर साधारण ३० टक्के वेळच जुळलेला होता. उरलेल्या वेळात कधी बाळाला भूक लागलेली असते आणि आई खुळखुळा वाजवत असते, कधी बाळाला शांतता हवी असते आणि आईला खेळायचे असते. सूर चुकतो, मग कोणीतरी जुळवून घेते, तो पुन्हा लागतो. दिवसभर हेच चालू असते. बाळाच्या मनात विश्वास तयार होतो तो याच ये-जा करण्यातून. गोष्ट बिघडली तरी ती पुन्हा ठीक होते आणि ती ठीक करण्यात आपलाही हात असतो, हे बाळ बोलता येण्याच्या आधीच शिकते.

त्याही आधी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी 'पुरेशी चांगली आई' ही कल्पना मांडली होती. आईने बाळाची प्रत्येक गरज क्षणात ओळखलीच पाहिजे असे नाही. ती थोडीथोडी, बाळाला पेलेल इतकी चुकत गेली तरच बाळाला जगाशी जुळवून घेता येते, असे त्यांचे म्हणणे होते. आजच्या आई-बापांना या विचाराची फार गरज आहे. मोबाइलवर रोज कोणीतरी त्यांना आदर्श पालकत्वाचे धडे देत असते आणि आपण त्यात बसत नाही या अपराधी भावनेने ते आणखी चिडचिडे होतात. मुलांना निर्दोष आई-बाप लागत नाहीत. चुकल्यावर परत येणारे आई-बाप लागतात.

हीच गोष्ट नवरा-बायकोच्या नात्याला लागू आहे. भांड्याला भांडे लागणारच, असे आपल्याकडे म्हणतात आणि ते खरे आहे. अमेरिकेतले संशोधक जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांना प्रयोगशाळेत बसवून त्यांचे वाद नोंदवले. कोणाचा संसार मोडेल याच्या त्यांच्या भाकितांवर पुढे टीकाही झाली. पण त्यांचे एक निरीक्षण कोणत्याही घरात पडताळून पाहता येते. समाधानी जोडपीही भांडतात, मात्र भांडणाच्या मध्येच त्यांतला एक जण ताण सैल करण्यासाठी काहीतरी करतो. एखादा विनोद, हाताला स्पर्श, 'थांब, मी हे चुकीचे बोललो' असे वाक्य. आणि दुसरा ते ओळखतो व स्वीकारतो.

आपल्या घरांतही हे होतेच. फक्त ते शब्दांत होत नाही. सकाळी कडाक्याचे भांडण झाले की संध्याकाळी आवडीची भाजी होते. बाबा न बोलता सफरचंद कापून मुलाच्या टेबलावर ठेवतात. 'जेवायला ये, गार होतंय' या वाक्यात कितीतरी वेळा 'माझे चुकले' दडलेले असते. या पद्धतीत प्रेम आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण ती अर्धीच आहे. मोठ्या माणसाला सफरचंदाचा अर्थ कळतो, आठ वर्षांच्या मुलीला कळेलच असे नाही. तिला एवढेच समजते की सकाळी आपल्यावर ओरडले गेले आणि आता सगळे जण काही घडलेच नाही असे वागत आहेत. लहान मूल अशा वेळी दोष स्वतःकडे घेते. आई चिडली म्हणजे मीच वाईट आहे, हा सरळ हिशेब ते मनात मांडते. तो हिशेब चुकीचा आहे, हे कोणीतरी शब्दांत सांगावे लागते.

आई-वडिलांच्या आपसातल्या भांडणाचेही तसेच आहे. 'मुलांसमोर भांडायचे नाही' हा नव्या वर्षाचा आणखी एक लोकप्रिय संकल्प. मग भांडण बंद होते आणि अबोला सुरू होतो. 'तुझ्या बाबांना सांग, गॅस संपलाय,' असे निरोप मुलांमार्फत जाऊ लागतात. मार्क कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांवर मोठ्यांच्या भांडणाचा काय परिणाम होतो, याचा अनेक वर्षे अभ्यास केला. धुमसता अबोलाही मुलांना कळतो आणि त्रास देतो, असे त्यांना आढळले. दुसरे म्हणजे, वाद मिटलेला मुलांनी पाहिला तर त्यांची अस्वस्थता बरीच कमी होते. तो त्यांच्यासमोर मिटला नसला, तरी 'आमचे बोलणे झाले, आता ठीक आहे' एवढे नंतर सांगितल्यानेही फरक पडतो. आपल्याकडे बहुतेक घरांत भांडण हॉलमध्ये होते आणि समेट बंद खोलीत. मुलांच्या वाट्याला पहिला अंकच येतो. दुसरा अंकही त्यांना दिसला तर मतभेद कसे मिटवायचे, याचे शिक्षण त्यांना घरातच मिळेल.

आता प्रश्न उरतो तो हे करायचे कसे. पहिली गोष्ट शरीराची. राग चढलेला असतो तेव्हा हृदयाचे ठोके वाढलेले असतात, श्वास जलद असतो, रक्तात ॲड्रिनलिन उतरलेले असते. या अवस्थेत समोरच्याचे म्हणणे नीट ऐकूच येत नाही. म्हणून समेट भांडणाच्या ऐन भरात करू नये. किमान वीस-पंचवीस मिनिटे वेगळे व्हावे, चालून यावे, पाणी प्यावे. मात्र जाताना 'मी अर्ध्या तासाने बोलतो' असे सांगून जावे आणि दिलेल्या वेळी परतावे. नुसते निघून जाणे म्हणजे समोरच्यासाठी पुन्हा तो निर्विकार चेहराच.

दुसरी गोष्ट शब्दांची. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये माफीचे सहा घटक वेगळे करून लोकांना कोणता महत्त्वाचा वाटतो ते तपासले. सर्वांत वजनदार ठरला तो चुकीची जबाबदारी घेणे, म्हणजे 'माझी चूक झाली' असे स्वच्छ म्हणणे. त्यानंतर नुकसान भरून काढण्याची तयारी. सर्वांत हलके ठरले ते 'मला माफ कर' हे मागणे. ते प्रयोग कामकाजाच्या ठिकाणच्या कल्पित प्रसंगांवर होते, पण घराला त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. 'सॉरी, पण तूच मला चिडवलंस' ही माफी नव्हे, ते दुसरे भांडण आहे. 'मी तुझी तुलना शेजारच्या मुलाशी केली, ते चुकलं. पुन्हा गुण कळतील तेव्हा आधी तुझं ऐकेन,' यात जबाबदारी आहे आणि भरपाईही आहे. आणि मुलाने लगेच 'ठीक आहे' म्हणावे, अशी अपेक्षा त्यात नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, आई-बापांनी मुलांची माफी मागायची? मग धाक कसा राहील? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. शिस्त मुलांना हवीच असते आणि पालकांनी प्रत्येक नियमासाठी मुलाची समजूत काढत बसावे, असे कोणी म्हणत नाही. पण नियम आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री नऊनंतर मोबाइल मिळणार नाही हा नियम कायम ठेवून तो हिसकावून घेतल्याबद्दल आणि नको ते बोलल्याबद्दल चूक कबूल करता येते. त्याने नियम कमकुवत होत नाही. उलट नियम बाबांच्या रागावर अवलंबून नाही, हे मुलाला दिसते. शिवाय चूक झाल्यावर काय करायचे, हे मूल पाहून शिकते. ज्या घरात मोठी माणसे कधीच चुकत नाहीत, त्या घरातले मूल गणितात नापास झाल्यावर उत्तरपत्रिका लपवते. ज्या घरात चूक सांगता येते, तिथे ती उत्तरपत्रिका टेबलावर येण्याची शक्यता वाढते. परीक्षेच्या महिन्यात हा फरक गुणांपेक्षाही मोठा असतो. खचलेल्या मुलाला घरात बोलायला जागा आहे की नाही, हे त्यावर ठरते.

इथे एक सीमारेषा ठळकपणे आखायला हवी. सांधण्याची ही सगळी भाषा रोजच्या कुरबुरींसाठी आहे, मारहाणीसाठी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी १९७९ मध्येच दाखवले होते की हिंसक नात्यातही माफी असते. ताण साचतो, मारहाण होते, मग अश्रू, भेटवस्तू, शपथा आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. तिथली माफी हा त्या फेऱ्याचाच एक भाग असतो. अशा घरातल्या स्त्रीला 'नव्या वर्षात सांभाळून घे' असा सल्ला देणे धोक्याचे आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे. आणि मन फारच खचले असेल, जगणे नकोसे वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. हे क्रमांक फ्रिजवरच्या त्या कागदावर लिहून ठेवले तर तो कागद एरवीपेक्षा जास्त उपयोगी ठरेल.

दुसरी सीमा वयाची. पहिले पाऊल मोठ्यांनी टाकायचे असते. 'आधी तू सॉरी म्हण, मग मी बोलेन,' असे दहा वर्षांच्या मुलीला सांगून तीन दिवस अबोला धरणारी आई भांडण जिंकते, पण मुलीला एवढेच शिकवते की इथे प्रेम अटींवर मिळते.

राहिला प्रश्न संकल्प टिकण्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे उपयोगी आहे. नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण काहींना ती १८ दिवसांत जमली, तर काहींसाठी अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. म्हणजे पाच जानेवारीला हार मानणे फारच घाईचे. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा येत नाही. त्या कागदावरचा 'ओरडायचे नाही' हा संकल्प पाचव्या दिवशी मोडला, तेव्हा तो संपला नव्हता. सहाव्या दिवशी तो पुढे नेता आला असता.

म्हणून यंदाच्या कागदावर मोठमोठ्या प्रतिज्ञांऐवजी एकच ओळ पुरे. आवाज चढला, तर झोपण्यापूर्वी नाहीतर दुसऱ्या दिवशी, जो मोठा तो आधी बोलेल. ही ओळ मोडायची संधी फार क्वचित येते, कारण चूक होणार हे तिने आधीच गृहीत धरलेले असते.

आणि एक तारखेचा मुहूर्त हुकला असेल, तरी दोन आठवड्यांत संक्रांत येतेच. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे वाक्य आता मोबाइलवरचे चित्र होऊन दोनशे जणांना एकदम जाते. पण तिळगूळ मुळात हातावर ठेवायची गोष्ट आहे आणि हातावर ठेवायचा तर समोर जावे लागते. वर्षभरात ज्याच्याशी बिनसले, त्याच्याकडेही या दिवशी जायचे, ही जुनी रीत मागचे विसरल्याचे नाटक करत नाही. काहीतरी खटकले होते, हे तिला मान्यच असते. या संक्रांतीला बाहेरच्या घरी जाण्याआधी एक लाडू घेऊन त्या बंद खोलीचे दार वाजवावे. मुलगा कदाचित 'ठेवा तिथे' एवढेच म्हणेल. ठेवावा, आणि लगेच निघून न जाता दोन मिनिटे तिथेच बसावे.